कुंपणाच्या खांबांकरितां ट्रॅक्टरचें अवजार कसें निवडावें

ज्या शेताला कुंपण नाहीं त्याचा धनी रात्रीं सुखानें झोपत नाहीं, हें रानडुकरांचा व नीलगाईंचा उपद्रव सोसणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. पूर्वीं बांधावर शेर, निवडुंग किंवा घायपात लावून काम भागत असे. आतां जित्या कुंपणाला लागणारी रुंद पट्टी सोडावयास कोणी सहसा तयार होत नाहीं, म्हणून लोखंडी अँगल किंवा सिमेंटचे खांब रोवून तार अगर जाळी ओढण्याकडे लोकांचा कल झाला आहे. तारेच्या वजनाचा व खांबांच्या किंमतीचा हिशेब शेतकरी बारकाईनें करितो. परंतु खड्डे कशानें पाडावयाचे हा विचार मात्र तो ठेकेदारावर सोंपवितो. कुंपण दोन पावसाळ्यांत वांकडें होतें त्याचें मूळ पुष्कळ वेळां येथेंच असतें.

प्रथम कामाचें मान पाहूं. पांच एकरांच्या चौरस शेताचा परीघ सुमारें १,८६७ फूट भरतो. दर १० फुटांवर एक खांब धरिला तर १८७ खड्डे होतात. तेवढीच जमीन ३०० फूट रुंद व ७२६ फूट लांब असेल तर परीघ २,०५२ फूट होऊन खड्डे २०५ लागतात. पहारीनें एवढे खड्डे घेणें अशक्य नाहीं, पण मजूर वेळेवर मिळत नाहींत आणि खड्डा हात घालून माती काढण्याइतका रुंद करावा लागतो.

ही रुंदी हीच खरी खर्चाची बाब आहे. ९ इंच व्यासाचा, २ फूट खोल खड्डा भरावयास पाऊण घनफुटाहून थोडें अधिक, म्हणजे ०·८८ घनफूट काँक्रीट लागतें. व्यास १२ इंच केला कीं तेंच १·५७ घनफूट होतें. १८७ खड्ड्यांचा हिशेब केला तर पहिल्या प्रकारीं १·६५ ब्रास व दुसऱ्या प्रकारीं २·९४ ब्रास माल जिरतो. अँगल तोच, पकडहि जवळ जवळ तीच. केवळ तीन इंचांच्या मोहानें सव्वा ब्रासाहून अधिक काँक्रीट जमिनींत गाडलें जातें. जेसीबीच्या बकेटनें काढलेला खड्डा दोन दोन फुटांचा धरिला तर त्याचें पोट ८ घनफूट भरतें. तो काँक्रीटनें भरणें कोणासच परवडत नाहीं. म्हणून मध्यें थोडें काँक्रीट व भोंवतीं सुटी माती लोटतात, आणि पहिल्या पावसांत ती माती खचली कीं खांब डोलूं लागतो. खड्डा स्वस्तांत झाला असें वाटतें, तें खरें नव्हे.

यावरून कामास योग्य अवजार म्हणजे सुताराच्या गिरमिटासारखें फिरून भोंक पाडणारें यंत्र होय. बाजारांत त्यास पोस्ट होल डिगर म्हणतात. हें ट्रॅक्टरच्या मागील तीन सांध्यांवर बसतें व पीटीओच्या दांड्यानें फिरतें. पीटीओचे मिनिटास ५४० फेरे गियरबॉक्समध्यें सुमारें तिपटीनें कमी होतात आणि गति कमी होऊन जोर वाढतो. ३५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास तें सहज झेपतें. गिरमिटें ६ इंचांपासून २४ इंचांपर्यंत निरनिराळ्या व्यासांचीं मिळतात. अँगलसाठीं ९ इंचांचें पुरे. सिमेंटच्या जाड खांबांस व कोपऱ्याच्या खांबांस १२ इंचांचें घ्यावें.

यंत्र पाहतांना रंगाकडे न पाहतां तीन गोष्टी पहाव्या. टोंकाजवळचीं कापणारीं पातीं बोल्टनें बसविलेलीं, म्हणजे झिजल्यावर बदलतां येणारीं, असावीं. दांड्याला शिअर बोल्ट किंवा घसरता क्लच असावा, म्हणजे दगड लागल्यास गियरबॉक्सचे दांते न मोडतां स्वस्तांतला बोल्ट तुटेल. आणि पीटीओच्या दांड्यावर संपूर्ण झांकण असावें. झांकण नसलेलें यंत्र कितीहि कमी किंमतीस मिळालें तरी घेऊं नये.

ह्या यंत्राचे दोन दोषहि सांगितले पाहिजेत. एक असा कीं, तें आपल्या वजनानेंच खालीं उतरतें, त्यास वरून दाब देतां येत नाहीं; दुसरा असा कीं, साधा पीटीओ उलटा फिरत नसल्यामुळें गिरमीट रुतलें तर तें मागें फिरवितां येत नाहीं. प्रस्तुत लेखकानें ओल्या काळ्या जमिनींत घाईनें काम करविलें, तेव्हां गिरमीट एका दमांत खालीं जाऊन स्क्रूसारखें घट्ट बसलें. ट्रॅक्टर बंद करून, मोठ्या पाईप पान्यानें तें हातांनीं उलटें फिरवून काढण्यांत अर्धा दिवस गेला. चूक यंत्राची नव्हती. चार सहा इंच उतरावें, वर उचलून माती झाडावी, पुन्हां उतरावें, आणि इंजिनची गति कमीच ठेवावी, अशी पद्धत आहे. जेसीबीच्या हातावर बसणारें तेलाच्या दाबावर चालणारें गिरमीट मात्र दाबहि घेतें व उलटहि फिरतें. कठीण जमिनींत तें भाड्यानें मिळत असेल तर अधिक पैसे देऊनहि तेंच बरें.

जमिनीप्रमाणें निवड बदलते. पोयट्याच्या जमिनींत साधें यंत्र एका खड्ड्यास एक दोन मिनिटांहून जास्त वेळ घेत नाहीं. काळ्या जमिनींत दिवस निवडणें हीच युक्ति होय. पावसाळ्यांत माती गिरमिटाला चिकटते, उन्हाळ्यांत ती विटेसारखी होते; खरीप निघाल्यावर जमीन वाफशावर असते तेव्हां काम उरकावें. ही जमीन ओलीनें फुगते व सुकली कीं आंखडते, म्हणून खोली अडीच फूट ठेवावी आणि काळा थर पातळ असल्यास खड्डा खालच्या मुरुमांत उतरवावा. घट्ट मुरुमांत पहारीनें अगोदर लहान भोंक पाडून संध्याकाळीं त्यांत पाणी भरून ठेवावें व दुसऱ्या दिवशीं यंत्र लावावें. कातळ वर आलेल्या माळावर मात्र गिरमिटाचा नाद सोडावा. तेथें विहिरीच्या कामावरचा ट्रॅक्टरचा काँप्रेसर आणून कातळांत भोंक घ्यावें व लोखंड सिमेंटनें पक्कें करावें.

न्यूझीलंडसारख्या देशांत टोंकदार लांकडी खांब ट्रॅक्टरवरील हातोड्यानें सरळ ठोकतात. माती बाहेर निघत नसल्यामुळें तो खांब घट्ट बसतो हें खरें, परंतु आपल्याकडील सिमेंटच्या खांबाचें डोकें त्या घावांनीं फुटेल.

आतां धोक्याविषयीं. पीटीओचा दांडा एका सेकंदांत नऊ फेरे घेतो. उपरण्याचें टोंक, पदर किंवा सैल बाही त्यांत सांपडली तर ओरडण्यास अवधि मिळत नाहीं. यंत्र कठीण जमिनींत उतरेना म्हणून गड्याला त्याच्या दांडीवर बसविण्याची वाईट चाल कांहीं ठिकाणीं आहे. ती मालकानें चालूं देऊं नये. गड्याच्या जिवाला दुसरें गिरमीट मिळत नाहीं. शिअर बोल्ट तुटल्यास त्याच जातीचा व मापाचा घालावा. बाहेर डोकावणारा लांब बोल्ट कपडा पकडतो. माती हातानें किंवा पायानें सारूं नये, फावडें लांबूनच वापरावें व तेंहि यंत्र थांबल्यावर.

काम सुरू करण्यापूर्वीं मोजणीच्या खुणांवरून हद्द नक्की करावी. दोन बोटांच्या जमिनीवरून भावाभावांत उभे राहिलेले दावे आपण पाहतोंच. बांधाकडेनें पुरलेली पाईपलाईन व मोटारीची केबल कोठून गेली आहे हेंहि चुना टाकून दाखवून द्यावें.

एका शेताच्या कुंपणासाठीं यंत्र विकत घेणें शहाणपणाचें नाहीं, कारण वर सांगितलेले १८७ खड्डे नरम जमिनींत एक दोन दिवसांचें काम आहे. गटानें किंवा सोसायटीनें एक यंत्र व ९, १२ आणि १८ इंचांचीं गिरमिटें ठेवावीं; मोठें गिरमीट कलमांच्या खड्ड्यांस उपयोगीं पडतें. मात्र चिकण जमिनींत गिरमिटानें खड्ड्याच्या भिंती घांसून गुळगुळीत होतात व मुळें बाहेर शिरत नाहींत, तेव्हां लागणीपूर्वीं त्या पहारीनें खरवडून घ्याव्या.

खांब उभे करितांना प्रथम कोपऱ्यांचे पक्के करावे, त्यांस तारेच्या दिशेनें तिरपे टेके द्यावे, मग दोरी ताणून मधले ओळंब्यांत धरावे. काँक्रीटचा माथा पाणी बाहेर वाहील असा उतरता ठेवावा, त्यावर आठवडाभर पाणी मारावें आणि त्यानंतरच तार ओढावी.