उजळणी म्हणजे पुनर्वाचन नव्हे

विद्यार्थिमित्रहो, धानाची मळणी आटोपून गावोगाव नाटकांच्या रात्री रंगू लागल्या, की शालान्त परीक्षाही जवळ येते. मग पुष्कळ विद्यार्थी एकच धडा चार-पाच वेळा वाचतात आणि ओळी परिचयाच्या वाटू लागताच तो तयार झाला असे मानतात. परंतु परिचय निराळा आणि स्मरण निराळे. परीक्षेच्या दालनात पुस्तक नसते. तेथे स्मरणच उपयोगी पडते.

१८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांचा निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच विस्मृतीत जातो, असे त्यास आढळले. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांकडून एक उतारा दोनदा वाचवून घेतला. दुसरा एकदाच वाचवून, तो समोर न ठेवता, आठवेल तेवढा लिहवून घेतला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा शेकडा ८१ आठवला, लिहून काढलेला ७५. आठवड्यानंतर मात्र पहिला ४२ वर उतरला, तर दुसरा ५६ वर राहिला.

शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दाखला येथे आठवतो. खडकाळ जमिनीवरचे बी लवकर उगवले, परंतु मूळ नसल्यामुळे करपून गेले. पुनर्वाचनाचे तसेच आहे.

यास्तव धडा एकदा लक्षपूर्वक वाचावा, पुस्तक मिटावे आणि मुद्दे वहीत लिहावे. नंतर पुस्तक उघडून ताडून पाहावे व जे चुकले तेवढेच पुन्हा वाचावे. सोडविलेले गणितही झाकून स्वतः सोडवावे. हाच क्रम दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा करावा. बांधीला तलावाचे पाणी पाळीपाळीने द्यावे लागते. एकाच रात्री सारा तलाव सोडून धान पिकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरणही तसेच व्यर्थ होय.

पालकहो, पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाईंनी आठव्या वर्षापासून संस्कृत तोंडी शिकविले. ती विद्या कन्येस जन्मभर पुरली. आपणांस पुस्तक वाचता येत नसले तरी रात्री जेवणानंतर मुलास जवळ बसवून, "बाळ, आज काय शिकलास ते मला समजावून सांग," एवढे विचारता येईल. तो अडखळला तर रागावू नये. कारण जेथे तो अडखळेल, तेथेच उद्याच्या अभ्यासाचा आरंभ आहे.