‘गिव्ह अप’ : एक क्रियापद, तीन अर्थ

इंग्रजी क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय जोडले, की त्याचा अर्थ पार पालटतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे व ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणे’ नव्हे. त्याचे प्रमुख अर्थ तीन आहेत.

पहिला अर्थ, त्याग करणे. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. येथे ‘टू स्मोक’ हे रूप चालत नाही. कर्म सर्वनाम असल्यास ते मध्ये बसते : ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ हे अशुद्ध होय. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे धर्मत्यागाची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. हा त्याग एकवीस वर्षांच्या विचारमंथनाचा होता. तेथे ‘गिव्ह अप’ हा शब्द निर्धाराचा ठरतो.

दुसरा अर्थ, हार मानणे. या अर्थी कर्माची गरज नसते : ‘शी नेव्हर गेव्ह अप’. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य लाभले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. अभ्यास थांबला होता, सुटला नव्हता. थांबणे आणि ‘गिव्ह अप’ यांतील भेद हाच आहे.

तिसऱ्या अर्थी पुढे ‘ऑन’ येते : ‘गिव्ह अप ऑन समवन’, म्हणजे एखाद्याविषयीची आशा सोडणे. याचे कर्म बहुधा माणूस असते, म्हणून हा प्रयोग सर्वांत गंभीर. याच्या नेमके उलट वर्तन आपल्या कोल्हापूरच्या मातीत घडले. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी अठ्ठावीस वर्षांच्या बाबासाहेबांना समाजाचे पुढारी म्हणून गौरविले.

वारणा परिसरातही नववी-दहावीत एखादा विषय राहिला, की ‘याच्याने शिक्षण व्हायचे नाही’ असे घरी ठरते. मूल हार मानण्यापूर्वी मोठ्यांनीच त्याची आशा सोडलेली असते. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी पहिला अर्थ व्यसनासाठी व अंधश्रद्धेसाठी जरूर वापरावा. तिसरा मात्र कोणत्याही मुलासाठी वापरू नये.