प्रथम ऐकणाऱ्याची जबाबदारी

शास्त्रवाचन : लूक १०:२५-३७

घरातील मारहाण ही चार भिंतींच्या आतील बाब, असे मानण्याची सवय आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. त्यामुळे पीडित स्त्री जेव्हा प्रथमच तोंड उघडते, तेव्हा ऐकणारा काय म्हणतो यावर तिचे पुढचे पाऊल अवलंबून असते. तो ऐकणारा ठाण्यातील हवालदार असेल, इस्पितळातील परिचारिका असेल किंवा मंडळीचा पाळक असेल. ऐकणे हेही शिकावे लागते.

१. बंगळुरूचा अनुभव

बंगळुरूत १९७९ साली स्थापन झालेल्या ‘विमोचना’ या स्त्रीसंघटनेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विवाहित स्त्रियांच्या अनैसर्गिक मृत्यूंचा मागोवा घेतला. व्हिक्टोरिया इस्पितळात भाजून आलेल्या अनेकींच्या बाबतीत ‘स्टोव्हचा भडका’ किंवा ‘आत्महत्या’ एवढी नोंद होई आणि चौकशी तेथेच संपे. सासरची माणसे उशाशी उभी असताना घेतलेला जबाब सत्य कसे सांगणार?

१९९९ मध्ये शहराच्या पोलीस आयुक्तालयात ‘वनिता सहायवाणी’ हे मदत व समुपदेशन केंद्र सुरू झाले. ‘परिहार’ संस्थेचे समुपदेशक आणि पोलीस यांची तेथे सांगड घातली गेली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ सालीच पोलीस आयुक्तालयात असा विशेष कक्ष उघडला होता. एकट्या पोलिसाला किंवा एकट्या समाजसेविकेला जे साधत नाही, ते दोघांच्या सहकार्याने साधते.

२. कायद्याची अपेक्षा

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. तक्रार कळताच संरक्षणाचा आदेश, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेशीर साहाय्य यांची माहिती स्त्रीला देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. पोलिसांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण मिळावे, ही जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली आहे.

३. काय शिकावे?

(अ) स्त्रीचे म्हणणे एकांतात ऐकावे. पतीसमोर प्रश्न विचारू नयेत.
(आ) तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून घ्यावेत.
(इ) गळा दाबणे, शस्त्र दाखवणे, जिवे मारण्याची धमकी देणे ही गंभीर धोक्याची चिन्हे ओळखावीत.
(ई) घर सोडण्याचा काळ विशेष धोक्याचा असतो. म्हणून तिचा ठावठिकाणा गुप्त ठेवावा.
(उ) समेटाची घाई करू नये. जीव सुरक्षित नसताना केलेला समेट म्हणजे शांती नव्हे.

४. मंडळीचा वाटा

शोमरोन्याच्या दाखल्यातील क्रम पाहा. त्याने जखमी माणसाला त्याच्या चुकीविषयी विचारले नाही. आधी जखमा बांधल्या, मग त्याला सुरक्षित स्थळी नेले, उतारशाळेच्या रक्षकाला सोबत घेतले, खर्चाची तरतूद केली आणि परत येण्याचे वचन दिले. एकट्याने सर्व केले नाही, आणि दुसऱ्यावर सोपवून अंगही काढून घेतले नाही. ‘सहन कर, प्रार्थना कर’ एवढेच सांगून स्त्रीला परत पाठवणारा पाळक मात्र याजक व लेवी यांच्याच वाटेने जातो. प्रार्थना अवश्य करावी; पण तिच्यासोबत ठाण्यापर्यंत चालतही जावे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या मंडळीत अशी स्त्री प्रथम कोणाकडे येईल? त्या व्यक्तीला काही शिक्षण मिळाले आहे काय?
२. आपल्या भागातील संरक्षण अधिकारी व जवळचे निवारागृह आपणांस माहीत आहे काय?
३. महिला मंडळाच्या पुढील सभेस एखाद्या पोलीस अधिकाऱ्यास व समुपदेशकास एकत्र बोलावता येईल काय?