हिरव्या मेणबत्तीचा हिशेब

४ ऑगस्ट २०२४, रविवार. आषाढी अमावस्या, म्हणजे दिव्यांची आवस. आमच्या खर्डी गावात आवणी उरकत आली होती आणि पत्र्यावर पाऊस कोसळत होता. समया, निरांजनं, लामणदिवा सगळं चिंच लावून लखलखीत घासलं होतं. पाटावर दिवे मांडून झाले, कणकेचे गोड दिवे वाफवून झाले. आणि त्या पितळी रांगेच्या टोकाला, स्टीलच्या ताटलीत, माझ्या धाकट्या जावेनं एक हिरवी मेणबत्ती उभी केली.

वीतभर उंचीची. अंगावर दाभणाच्या टोकानं वरून खाली आकडा कोरलेला: ५०००००. कोरताना शेवटच्या शून्याजवळ मेणाचा टवका उडाला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. शून्य गेलं तर पाच लाखांचे पन्नास हजार होतील, असं तिला मनापासून वाटत होतं. मध आणि दालचिनीची पूड चोळल्यामुळं मेणाला मुंग्या लागल्या होत्या. खाली तमालपत्राचं पान, त्यावर शाईनं तोच आकडा. "ताई, तुम्ही लावा, तुमच्या हाताला यश आहे," ती म्हणाली. काडी मी ओढली. म्हणून पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

दिराचा टेम्पो आहे, कर्जावर घेतलेला. शहापूर-भिवंडी पट्ट्यात वीटभट्ट्यांचं काम दिवाळीनंतर लागतं आणि पावसाच्या तोंडावर बंद होतं. विटांची वाहतूक थांबली की टेम्पो दारात उभा. हप्ता मात्र बारा महिने, १२,४०० रुपये. जून थकला, जुलै थकला. त्याच सुमारास जावेच्या मोबाईलवर एक बाई दिसू लागली. छान साडी, मागं मंद दिवे, आवाज मऊ. ती म्हणायची, पैसा ही ऊर्जा आहे आणि तुमच्या घरात ती अडकली आहे. खाली नंबर होता. नंबरवरून ग्रुप, ग्रुपमध्ये साडेतीनशेहून अधिक बायका, आणि पहिला संच १,५५१ रुपयांचा: तीन हिरव्या मेणबत्त्या, तेलाची कुपी, दालचिनी, छापील मंत्र.

जावेला वाटलं, हे आपलंच काहीतरी जुनं, विसरलेलं असेल. तसं ते नाही. पैशासाठी हिरवी मेणबत्ती ही समजूत अमेरिकेतून आली. तिथल्या लोकांच्या टोटक्यांवर हेन्री गामाश यांच्या नावानं १९४२ मध्ये मेणबत्ती जाळण्याच्या विधींचं एक पुस्तक निघालं, ते तिकडं अजून खपतं. हिरव्या रंगाचा पैशाशी संबंध तिथल्या माणसाला पटकन जुळतो, कारण डॉलरची नोट हिरवी. आपली पाचशेची नोट करडी आहे आणि शंभराची जांभळट. तो रंग आपल्या घरात लक्ष्मी आणेल असं मानायला इथल्या मातीतलं काही कारण नाही.

मेणबत्तीचा नवस आपल्याकडं नाही असंही नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाची घरं, मेणाचे हातपाय, मेणाची बाळं विकायला असतात. ख्रिस्ती माणसांबरोबर आपल्यासारखी हिंदू माणसंही ती वाहतात. पण तिथं माणूस मेणाचं घर वाहतो, हात जोडतो आणि लोकल पकडून कामाला जातो. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून कुणी सांगत नाही की तुझं घर नीट वितळलं नाही, आता ५,१०० पाठव.

जावेला तो फोन आला. पण त्याआधी एक गोष्ट घडली, आणि त्या गोष्टीनंच आम्हाला फसवलं.

आवस झाल्यावर दहा दिवसांनी तिच्या खात्यात ३,००० रुपये जमा झाले. ती नाचायचीच बाकी होती. ते पैसे लाडकी बहीण योजनेचे होते. जुलै आणि ऑगस्टचे दोन हप्ते सरकारनं राखीपौर्णिमेच्या आधी, १४ ऑगस्टपासून, राज्यभरातल्या बायकांच्या खात्यात एकदम टाकले. ज्यांनी कधी मेणबत्ती लावली नाही त्यांनाही तेवढेच मिळाले. अर्ज तिनं स्वतः अंगणवाडीत बसून भरला होता, आधार जोडायला दोन खेपा मारल्या होत्या. ते सगळं ती विसरली. ग्रुपवर त्या दिवशी शेकडो बायकांनी लिहिलं, "आले!" आणि त्या मोबाईलवरच्या बाईनं, म्हणजे ग्रुपच्या मॅडमनी, उत्तर दिलं, "ही तर सुरुवात आहे." मीही वाचलं आणि गप्प बसले. माझ्या खात्यातही तेच ३,००० आले होते, तरीही.

मग दुसरी मेणबत्ती लावली तेव्हा काजळी धरली. जावेनं तिचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन आला: काळा धूर म्हणजे घराला नजर, "शक्ती जागृत" करायला ५,१०० लागतील. तिसरीची ज्योत थरथरली आणि एका बाजूनं मेण ओघळलं. म्हणजे कुणीतरी पैसा अडवतंय. अडथळा काढायचे ११,०००.

ज्योतीचं वागणं नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण भीती तिथूनच विकली जाते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका साध्या मेणबत्तीवर. मेण वितळून वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात लांब राहिली की वाफ जास्त सुटते, तिला पुरेशी हवा मिळत नाही आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बसतो. वात कातरीनं छाटली की काजळी कमी होते. ज्योत थरथरते ती वाऱ्यानं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच फुटलेली आहे. मेण एका बाजूनं ओघळतं तेही झुळूक एकाच बाजूनं लागते म्हणून. माझा मुलगा तेव्हा नववीत होता, त्यानं हे मला नंतर वही काढून दाखवलं. त्याला आधी विचारायला हवं होतं.

११,००० मी दिले. बचत गटातून मुलाच्या क्लाससाठी कर्ज घेतलं होतं, त्यातले. जाऊ रडत होती, दीर दोन दिवस जेवला नव्हता, आणि मला वाटलं एवढ्यानं घर शांत होईल. त्यानंतर मॅडमनी शेवटचा विधी सांगितला, २१,००० चा. ते जावेनं घरात कुणाला न सांगता एका खाजगी सावकाराकडून काढले, महिन्याला शेकडा दहानं. पैसे गेल्यावर तीन दिवसांनी ग्रुप बंद झाला आणि नंबर लागेनासा झाला.

एकूण ३८,६५१ रुपये. टेम्पोचे तीन हप्ते भरून वर पैसे उरले असते.

आमचं नुकसान पैशांवर थांबलं, म्हणून हे लिहिता तरी येतंय. २० जून २०२२ रोजी मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एकाच कुटुंबातली नऊ माणसं मेलेली सापडली. दोन भाऊ आणि त्यांच्या घरचे. एक भाऊ शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. आधी वाटलं, सावकारांच्या जाचानं आत्महत्या केली. पोलीस तपासात पुढं आलं ते वेगळंच: गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेतलेल्या मांत्रिकानंच विष दिल्याचा आरोप. शिकलेली, कमावती माणसं होती ती. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये गुप्तधनासाठी लहान मुलींचे बळी घेतले गेले, ते अजून लोकांच्या तोंडी आहे. आमच्या शहापूर-मुरबाडच्या रानात लोक मांडूळ शोधत फिरतात, दुतोंड्या सापानं पैशांचा पाऊस पडतो म्हणून. बिचारा निरुपद्रवी साप, त्याला दुसरं तोंडही नसतं. तो पकडणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि पकडणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच हप्ते थकलेला माणूस असतो.

तेव्हा ज्यांच्या घरात आज हिरवी, लाल, कसलीही मेणबत्ती लागली असेल, त्यांच्यासाठी आम्ही ठेच खाऊन शिकलेलं थोडं सांगते.

दिवा लावायला कुणाची ना नाही. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही पूजा, वारी, कीर्तन, नवस यांच्या आड येत नाही. तो लागतो चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्याला: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. गुन्हा दखलपात्र आहे, जामीन सहज मिळत नाही. तक्रार आपल्याच पोलीस ठाण्यात करता येते, आणि ती करताना लाजू नये. आम्ही लाजलो, दीड महिना घालवला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर त्याच तासाला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळलं तर ते गोठवता येतात. आम्ही फोन केला तेव्हा खातं कधीच रिकामं झालं होतं. ग्रुप सोडण्याआधी संदेशांचे, पावत्यांचे फोटो काढून ठेवा. जावेनं रागानं सगळं पुसून टाकलं, आणि अर्जासोबत जोडायला फक्त बँकेचं स्टेटमेंट उरलं.

हप्ता थकला असेल तर कर्ज देणाऱ्याच्या शाखेत स्वतः जा, तेही नव्वद दिवस उलटायच्या आत. त्यानंतर खातं थकबाकीच्या वेगळ्या वर्गात जातं आणि बोलणी अवघड होतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वसुलीवाला सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्या दिराला तो माहीत नव्हता. रात्री दहाला फोन वाजला की तो अंगणात जाऊन बसायचा, आणि आत जाऊ मेणबत्ती पेटवायची. शाखेत गेल्यावर पावसाळ्याचे हप्ते पुढं ढकलून मुदत वाढवून मिळाली. तासाभराचं काम होतं. त्या तासासाठी आम्ही चार महिने घाबरून बसलो होतो.

सावकाराकडं जायचीच वेळ आली तर आधी परवाना बघा. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि बिनतारणी १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. जावेनं वर्षाला १२० टक्क्यांनी घेतले होते. अशा सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं, सहकारी संस्थांच्या कार्यालयात, करता येते. आम्ही ती केली नाही. माझ्या गटातल्या बायकांनी आपापसांत पैसे जमवून त्याचं मुद्दल फेडलं, आणि आता जाऊ गटाला महिना दोन टक्क्यांनी परत करतेय.

आणखी एक, आणि आमच्या बाबतीत तेच मुळाशी होतं. पैसा अडला होता त्याला कारण होतं आणि ते दर वर्षी येतं: जून ते ऑक्टोबर भट्ट्या बंद. आता डिसेंबर ते मे, टेम्पो चालतो त्या सहा महिन्यांत, दर शनिवारी २,००० रुपये पोस्टातल्या वेगळ्या खात्यात जातात. पासबुक दिराकडं नाही, सासूबाईंच्या ट्रंकेत आहे. २०२५ च्या पावसाळ्यात त्यातून हप्ते भरले. दोन वेळा कमी पडले, तेव्हा दीर कल्याणला एका गोदामात माल चढवायला गेला.

२४ जुलै २०२५ ला पुन्हा दिव्यांची आवस आली. जावेनं समया घासल्या, पाट मांडला. संध्याकाळी गटातली एक बाई हळदीकुंकवाला आली होती, तिनं पदराआडून फोन काढला आणि हळूच म्हणाली, "वहिनी, बघा ना, यात पिवळ्या मेणबत्तीचं सांगतायत."

जावेनं तिचा फोन पाटावर उपडा ठेवला, तिच्या हातावर कणकेचा दिवा आणि तूप दिलं आणि तिच्याजवळ बसून विचारलं, "तुझा कुठला हप्ता थकलाय गं?"