अर्ध्यावर सोडलेलें औषध

कुष्ठरोगाचें औषध आज सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. रोगाच्या प्रकाराप्रमाणें ६ किंवा १२ महिने तें नेमानें घेतलें म्हणजे रोग बरा होतो. असें असतां कित्येक रोगी तें मध्येंच कां सोडितात, ह्याचा नायगाव भागांतील मंडळ्यांनीं विचार करावा.

आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यांत डिचपल्ली येथें १९१५ सालीं डॉ. इझाबेल कर ह्यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं इस्पितळ काढिलें. त्या काळीं कडू कवठाच्या तेलाच्या सुया दीर्घकाळ घ्याव्या लागत, तरी खात्री नसे. १९८२ पासून अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत आली. आतां अडचण औषधाची थोडी व समजुतींची फार आहे.

१. पापाची समजूत. हा रोग पूर्वजन्मींच्या पापाचा किंवा देवीच्या कोपाचा, असें मानणारा आधीं नवस फेडितो, मग गोळी घेतो. परंतु ह्याचे जंतु नॉर्वे देशांत हान्सेन ह्यांनीं १८७३ सालींच पाहिले. लेवीय १३ व १४ ह्या अध्यायांतील चट्टा वस्त्रांस व घराच्या भिंतींसही पडतो. हा रोग भिंतीस होत नाहीं. म्हणून ते अध्याय दाखवून रोग्यास अशुद्ध ठरवूं नये.

२. लाज. क्लोफाझिमीन औषधानें कातडी काळवंडते. शेजारीं विचारपूस होते, मुलीचें लग्न मोडेल अशी भीति वाटते, आणि सून सासरीं पाकीट लपविते. हा रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो. रिफाम्पिसिननें लघवी तांबडी होते. तें रक्त नव्हे.

३. दुखण्याची खूण. दुखत नाहीं तें दुखणें नव्हे, असें आपण म्हणतों. पण बधिर चट्टा हीच ह्या रोगाची खूण आहे. उलट उपचार चालू असतां कधीं चट्टे सुजतात, शिरा दुखतात. तेव्हां "औषध उष्ण पडलें" म्हणून लोक गोळ्या टाकितात. अशा वेळीं त्वरित डॉक्टरांस भेटावें, गोळ्या बंद करूं नयेत. विलंबानें हातपाय लुळे पडतात.

४. ऊसतोड. दसऱ्यानंतर कुटुंबें बाहेर जातात व औषध तुटतें. एका पाकिटांत २८ दिवसांचें औषध असतें. निघण्यापूर्वीं पुढील पाकिटें व उपचाराचें कार्ड मागून घ्यावें.

उपदेशकांनीं रोग्याचें नांव सभेंत घेऊं नये. घरीं जाऊन बसावें, त्याच्या हातचें पाणी प्यावें. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळांत त्याच्यापासून संसर्ग होत नाहीं. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ च्या कायद्यानें काढून टाकिलें आहे, हें सासरच्यांस सांगावें.

विचारासाठीं प्रश्न: रोग्यास गोळी लपवून घ्यावी लागेल असें आपल्या घरांत काय बोललें जातें? तें बोलणें कोणीं थांबवावें?