पॉलिसीवरचा पत्ता

पुणे

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा साखरपुड्यात तुझे मामा मोठ्या कौतुकानं सांगत होते, भाच्यानं दोन व्हीएमसी मशीन ओढ्याकडच्या भाड्याच्या शेडात हलवल्या, आता जागाच जागा. मी विचारलं, "आणि पॉलिसी?" तर म्हणाले, "आहे की, बँकेनं काढलेली." तेव्हापासून मला चैन नाही. पॉलिसीवर पत्ता अजून शिरोलीच्या जुन्या प्लॉटचाच आहे का रे?

रागावून विचारतेय असं वाटलं तर बरोबरच वाटलं. आगीचा विमा, ज्यात पूरही येतो, मशीनच्या मागं मागं फिरत नाही. पॉलिसीत जी जागा लिहिलेली असते, तिथल्याच वस्तूंची जोखीम कंपनी घेते. मशीन कायमची दुसरीकडं नेलीस आणि पत्ता बदलल्याचं एन्डॉर्समेंट करून घेतलं नाहीस, तर हप्ता वेळच्या वेळी भरूनही तू उघड्यावरच. आणि न्यायची ती ओढ्याकडं? २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराच्या पाण्यानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, ते मी पुण्यात बसून तुला सांगायचं? व्हीएमसीचा बेड पाण्यातून निघाला तर पुसून उभा करता येतो. पण ड्राइव्ह आणि कंट्रोल पॅनेलमध्ये गाळ गेला की लाखांची गोष्ट होते.

"बँकेनं काढलेली" या शब्दांचा तर मला धसकाच आहे. बँक आपलं कर्ज सुरक्षित करते, तुझा धंदा नव्हे. विम्याचा आकडा बहुतेक ताळेबंदातला, घसारा वजा करून घातलेला असणार. समज, तसलीच नवी मशीन आज पन्नास लाखांना पडते आणि विमा तीस लाखांचा आहे. दहा लाखांचं नुकसान झालं तर सहाच हातात येतात. एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी एप्रिल २०२१ पासून जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे, तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. चाळीस टक्क्यांची नाही. तेवढा आकडा सी.ए.कडून नको, मशीनवाल्याच्या आजच्या कोटेशनवरून घाल.

आणखी एक. शेडात पडलेलं कास्टिंग तुझं नाही, पार्टीचं आहे. जॉबवर्कचा तो माल पॉलिसीत वेगळा दाखवलेला नसेल, तर भिजल्यावर पार्टी तुझ्या बिलातून कापणार आणि कंपनी म्हणणार, हा माल तुमचा कुठाय? टूल ठोकून स्पिंडल गेला तर तेही आगीच्या पॉलिसीत बसत नाही, मशिनरी ब्रेकडाउन वेगळी घ्यावी लागते. हे सगळं सावकाश बघू. आधी पत्ता.

दादानं वर्कशॉप टाकलं तेव्हा मला म्हणाला होता, "तू हिशेब सांभाळ, दोघं मिळून करू." मी विमा कंपनीतली नोकरी धरली. त्या नोकरीनं मला सगळं दिलं, तक्रार नाही. पण मी क्लेमच्या टेबलावर परक्यांच्या बुडालेल्या शेडांचे फोटो चाळत बसायची आणि आपला दादा रात्री एकटा लेथवर उभा असायचा. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, हेच जास्त लागतं. तो असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. नवीन शेडाला कुलूप लावायच्या आधी त्यानं भिंतीवरची पुराची खूण शोधली असती. तू शोधलीस का?

जास्त बोलले. तुझा धंदा तू वाढवतोयस, दोनाच्या चार मशीन केल्यास, पोरांना वेळेवर पगार देतोस, हे मी सगळ्यांना सांगत असते. दिवाळीत तू आलास तेव्हा बोटांच्या पेरांत कूलंटनं कातडी सोललेली होती. मी काही बोलले नाही. दादाचे हात असेच असायचे. हातमोजे न घालता मशीनच्या दारात हात घालू नकोस असं म्हणणार होते, पण फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नसतात हे तुझ्या बापानंच मला शिकवलंय. मलम लाव निदान.

एन्डॉर्समेंटला फार काही लागत नाही. भाडेकरार, मशीनचे नंबर आणि एक अर्ज. अर्जाची पोच घे, सुधारलेला कागद हातात येईपर्यंत एजंटच्या "होऊन जाईल"वर जाऊ नकोस. पाऊस तोंडावर आलाय. जादा हप्त्याला पैसे कमी पडत असतील तर मला सरळ फोन कर, मी पाठवते. वहिनीला यातलं काही सांगू नकोस, ती आधीच झोपत नाही. आणि काम नसलं तरी एका रविवारी येऊन जा.

तुझी
आत्या