नाव चोरीला गेल्यावर

बाळा, तुझ्या आधारवर कुणीतरी परस्पर कर्ज उचललं, आणि तोंड लपवून फिरतोयस तू! लाज चोराला वाटू दे. २०२४ च्या विधानसभेआधी आपल्या तुळजापूर मतदारसंघात मतदार नोंदणीचे हजारो बोगस ऑनलाइन अर्ज आले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. नाव वापरून असली फसवणूक कुणाच्याही बाबतीत होऊ शकते.

खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर फिरव. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घे. चूक ना तुझी ना बँकेची, आणि तू कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंस, तर नुकसान तुझ्या माथी येत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. तोंडी सांगितलेलं मात्र काउंटरवरचा माणूस बदलला की संपतं.

मला खरी काळजी अंगठ्याची वाटते. आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही, आणि ठसा कागदावरूनही उचलतात. म्हणून एम-आधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक कर. रेशनला अंगठा लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघड. आधार कुठं कुठं वापरलं गेलं, याची मागच्या सहा महिन्यांची नोंदही तिथंच दिसते. तुझ्या आईचंही लॉक करून दे, तिला ते जमायचं नाही.

आता कर्जाचं. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. चारही काढ. जे कर्ज तुझं नाही, त्यावर त्या कंपनीकडं आणि कर्ज देणाऱ्याकडं, दोन्हीकडं लेखी हरकत घे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते. वसुलीवाला दारात आला, चारचौघांत बोलला, तरी ‘मिटवून टाकू’ म्हणून एकही हप्ता भरू नकोस. भरलास की कर्ज मान्य केल्यासारखं दिसतं.

तुझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघ, अनोळखी असेल ते तिथूनच बंद करायला सांग.

मग पोलीस ठाणं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागायची, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची ती. आयटी कायद्याचं ६६-सी कलम ओळख चोरण्यासाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नकोस. बँक आणि सिबिलवाले पुढं तीच मागतात.